दूधवाल्या त्र्यंबकाचा कान

मंडळी, डोळे मिटा. एकदा मनातल्या मनात त्याचं नाव घ्या, ज्यानं आपल्याला इथवर आणून बसवलं. घेतलं? आता डोळे उघडा, आणि मागच्या खांबाला टेकलेल्यांनी तर उघडाच उघडा!

आज तुम्हाला एक प्रश्न विचारतो. नोकरी आहे, शेती आहे, तरी महिन्याच्या शेवटी ओढाताण होतेच. मग माणूस म्हणतो, जोडीला काहीतरी करू. बरोबर आहे! पण काय करू? इथं गाडी अडते. शेजाऱ्यानं पिठाची गिरणी टाकली, की ह्यानंही गिरणी टाकली! आता गावात गिरण्या दोन, आणि दळायला धान्य एकीपुरतंच! हसू नका — ते दोघंही इथंच बसलेत!

तर प्रश्न असा. जोडधंदा शेजाऱ्याकडं बघून करायचा, की स्वतःकडं बघून? उत्तर मी देत नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो, ती देईल.

पिंपळदरी नावाचं गाव. तिथं त्र्यंबक लोणारे नावाचा गृहस्थ. गावच्या दूध केंद्रावर कामाला. सकाळी दूध मोजायचं, संध्याकाळी दूध मोजायचं, आणि मधला सगळा दिवस घरी मोकळा! मायबाहिणींनो, नवरा दिवसभर घरी मोकळा म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको!

बायकोचं नाव शेवंता. कामाची, तोंडाची, मनाची — तिन्हीनं खणखणीत. एकुलती मुलगी बारावी झाली, तालुक्याच्या कॉलेजात जायची होती. म्हणून शेवंताबाई म्हणाल्या, "अहो, दुपारचं काहीतरी बघा ना!"

आता ह्या त्र्यंबकरावाला एक खोड होती. कान! त्याला बेसूर सहन व्हायचं नाही. घरात कुकरची शिट्टी झाली की हा ओसरीवरून ओरडायचा, "शेवंता, शिट्टी कालच्यापेक्षा उतरलीय!" ती म्हणायची, "वरण शिजलं ना? मग झालं!" मेहुण्याच्या लग्नात तर कहर! नवरा घोड्यावर, वरात रंगात, आणि हा बँडवाल्यासमोर आडवा — "थांबा! क्लॅरोनेट आणि ट्रंपेट एका सुरात नाहीत!" वरात तिथंच उभी! घोडा कंटाळला, मंडळी! तेव्हापासून नातेवाईक लग्नाची पत्रिका शेवंताबाईच्या एकटीच्या नावानं धाडायला लागले.

तो घोड्यावरचा मेहुणा, त्याचं नाव उत्तम. शेवंताचा धाकटा भाऊ. ह्याच्याकडं सल्ले इतके, की मागायला लागत नसत. मोबाईलवर रोज नवा धंदा बघायचा. आला एक दिवस, म्हणाला, "दाजी, गावरान कोंबड्या! अंडी विका, पिल्लं विका. माझ्या मित्रानं बंगला बांधला!"

आणल्या कोंबड्या. चाळीस कोंबड्या, चार कोंबडे. आठ दिवसांनी शेवंता परसात जाऊन बघते, तर तीन कोंबडे दूर एका खुराड्यात, आणि एक कोंबडा कोंबड्यांत, तांदूळ खात!

"अहो, हे काय?"

"हा सुरात आरवतो. ते तिघं नाही."

"अहो, अंडी कोंबड्या देतात! कोंबड्याचं गाणं कोण विकत घेणार आहे?"

पण ऐकेल तर शपथ! पहाटे उठून त्या तिघा कोंबड्यांना सूर शिकवत बसायचा. दाणा-पाणी, औषध कशाकडं लक्ष नाही. निम्म्या कोंबड्या आजारी पडल्या, उरलेल्या शेवंतानं भावाच्याच दारात नेऊन सोडल्या.

मग उत्तमनं अळिंबी, म्हणजे मशरूम, सांगितली. अंधारी खोली, ओला पेंढा, पाणी मारत राहायचं. त्र्यंबकराव खूश! का? तर अळिंबी आवाज करत नाही! इतकी शांतता त्याला जन्मात मिळाली नव्हती. रोज दुपारी पाणी मारायला आत जायचा आणि तिथंच झोपायचा. पेंढा वाळला, अळिंबी काळी पडली, माणूस मात्र ताजातवाना!

तिसऱ्या खेपेला शाम्पूच्या बाटल्या. दारोदार विकायच्या. पहिल्याच घरी म्हातारबुवांनी बाटली हातात घेतली. हा म्हणतो, "बाबा, तुम्हाला केस कुठायत? कशाला घेता?" झाला धंदा! अहो, सत्य बोलावं, शास्त्र सांगतं. पण शाम्पू विकताना कठीण जातं!

हसलात. हसा. पण त्या दिवशी घरी काय झालं, ते ऐका. शेवंता दमली होती. तिच्या तोंडून गेलं, "तुम्हाला काही म्हणता काही येत नाही!"

एवढंच. पण वर्मी लागलं. माणूस गप्प झाला. कुकरची शिट्टी झाली, बोलला नाही. शेजारी गाणं लागलं, बोलला नाही. चार दिवस घरात असा वावरला, जसा पाहुणा वावरतो. पाचव्या दिवशी शेवंतालाच राहवेना. ती म्हणाली, "अहो, शिट्टी कशी झाली?"

"झाली," म्हणाला. बस. ती मनात म्हणाली, आपण काय बोलून बसलो!

त्या आठवड्यात गावात मारुतीच्या देवळात सप्ताह. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. तिनं नवऱ्याला ओढूनच नेलं. बसवला पहिल्या रांगेत. कीर्तनकार बुवा उभे राहिले, पेटी सुरू झाली, बुवांनी तोंड उघडलं — आणि ह्या माणसानं दोन्ही कानांत बोटं घातली! पहिल्या रांगेत! बुवांच्या नाकासमोर!

बुवा तापले. बुवांना फार राग येतो, मंडळी. म्हणाले, "काय हो गृहस्थ, हरिनाम टोचतं वाटतं कानाला?" सगळं देऊळ हसलं.

त्र्यंबकराव उठून उभा राहिला. हात जोडले. "महाराज, हरिनाम नाही टोचत. पेटी टोचते. हिचा गंधार, म्हणजे सारेगमातला ग, उतरलाय. एक सूर मुका झालाय. आणि भात्यातून वारा गळतोय."

बुवा म्हणाले, "एवढं कळतं, तर करा की दुरुस्त!" मदत म्हणून नव्हे हो, टोमणा म्हणून! कोण होता तो उर्मट बुवा? नाव विचारू नका. तो आत्ता तुमच्यासमोर फेटा बांधून उभा आहे! हो, मीच तो!

पेटीवर आमचे रंगनाथ गुरव होते. त्यांनी पेटीला मिठीच मारली. "माझ्या वडिलांची पेटी आहे! ह्या कोंबडीवाल्याच्या हातात देऊ?"

त्र्यंबकरावही मागं सरला. म्हणाला, "राहू द्या, महाराज. मला काही येत नाही."

हे शब्द कुणाचे होते? ज्या बाईचे होते, ती बायकांतून ताडकन उठली. पाचशे माणसांत! म्हणाली, "कोण म्हणतं येत नाही? मी म्हटलं होतं, मी चुकले! शाळेत असताना ह्यांनी गाण्याच्या मास्तरांच्या हाताखाली तीन वर्षं पेट्या पुसल्यात, उघडल्यात, असं लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. अहो, कोंबड्यांना सूर शिकवताना लाजला नाहीत, मग आता कसली लाज? उघडा ती पेटी!"

रंगनाथची मिठी आपोआप सुटली. मीच पेटी उचलून दिली!

नुसत्या टाळ-मृदंगावर कीर्तन पुढं चाललं. देवळामागं लिंबाखाली त्र्यंबकरावानं पेटी उघडली. पेटीत पितळेच्या बारीक जिभा असतात, त्यांना सूर म्हणतात. मुक्या सुरात काय अडकलं होतं? झुरळाचा पंख! एवढासा पंख, आणि दोन वर्षं तो सूर बोलत नव्हता! भात्याच्या भोकावर खळ लावून चामड्याचा तुकडा बसवला. मग गंधार. जीभ टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. जास्त घासली की पेटीच बिघडते! हा एकदा घासायचा, कानाशी धरायचा, मान हलवायचा, पुन्हा घासायचा. शेजारी रंगनाथ, घामाघूम. जणू ऑपरेशन थिएटरबाहेरचा नातेवाईक! आणि शेवंता पदरानं वारा घालत होती. नवऱ्याला की रंगनाथला, कळत नव्हतं.

दहीहंडी फोडायच्या आधी पेटी परत आली. रंगनाथनं भीतभीत पट्टी दाबली. मंडळी, काय सांगू! असा भरीव सूर! रंगनाथचे डोळे भरले. म्हणाला, "बाबा वाजवायचे तशी वाजतेय."

मी गौळण उचलली. संपल्यावर गावचे पाटील पुढं आले, "महाराज, आज तुमचा आवाज काय लागला!" दोन वर्षं गावाला वाटत होतं, बुवांचाच गळा गेलाय! मी त्र्यंबकरावाच्या गळ्यात माझा हार घातला. तर हा हळूच म्हणतो, "महाराज, रागावणार नसाल तर सांगू? वरच्या सुरात तुम्ही पण थोडे चढता."

तेव्हापासून जपून गातो!

पुढं आजूबाजूच्या भजनी मंडळांच्या पेट्या यायला लागल्या. अळिंबीची खोली रिकामीच होती, तिथं बैठक मांडली. सगळं लगेच सुरळीत झालं असं समजू नका. तिसऱ्याच पेटीची जीभ घासताना तुटली. लपवली नाही त्यानं. पेटी डोक्यावर घेऊन त्या मंडळापुढं उभा राहिला, "माझ्याकडून मोडली, भरून देतो." मग केंद्रावर रजा टाकली, मिरजेला एका जुन्या कारागिराकडं पंधरा दिवस राहिला, जमिनीवर झोपला, आणि नीट शिकून आला. नुसता कान असून भागत नाही, हातालाही शिकवावं लागतं.

आज सकाळी दूध, दुपारी पेट्या, संध्याकाळी दूध. मुलगी कॉलेजात आहे. घरात कुकरची शिट्टी झाली, की शेवंता स्वतः विचारते, "कशी झाली?" आणि तो पाच मिनिटं सांगतो!

उत्तम आला एक दिवस. "दाजी, पेट्यांचा कारखानाच काढू! शंभर माणसं लावू!"

त्र्यंबकराव हसला. म्हणाला, "उत्तमराव, ते राहू द्या. तुम्हाला स्वतःला काय करायला आवडतं?"

जगाला धंदे सांगत फिरणाऱ्या माणसाला हे कुणी विचारलंच नव्हतं! उत्तम डोकं खाजवत म्हणाला, "दाजी, मला गावोगाव हिंडायला आवडतं. माणसांशी बोलायला आवडतं."

"मग हिंडा, बोला, आणि येताना बिघडलेल्या पेट्या घेऊन या!" आता उत्तम मोटारसायकलवर पेट्या बांधून पंचवीस गावं फिरतो. सल्ले अजून देतो, पण आता निदान पेट्रोलचा खर्च निघतो!

तर माझ्या देवमाणसांनो, आता तुमच्याकडं वळतो. तुमच्यातला गुण कुठं शोधाल? आरशात दिसत नाही तो. घरचे ज्याच्यावरून रोज बोलणी घालतात ना, तिथं आधी बघा. कुणाला घड्याळं खोलून बसायची खोड, कुणाला दिसेल त्या झाडाची फांदी आणून लावायची खोड, कुणी बाई शेजारणीच्या पोलक्याची शिवण पाहून नाक मुरडते. बाई, नाक कशाला मुरडता? मशीन काढा बाहेर! — ए, तिकडं पत्तेवाले, तुम्ही एवढे खूश होऊ नका! जो कुणाच्या कामी येतो त्याला गुण म्हणायचं, जो कामावरून उठवतो त्याला नव्हे!

आज घरी गेल्यावर एक करा. जेवण झालं की बायकोसमोर बसा, बायांनो, तुम्ही नवऱ्यासमोर बसा, आणि विचारा, "माझं काय काय तुला सहन होत नाही?" यादी लांब निघेल. धीर सोडू नका, मध्ये बोलू नका, शेवटपर्यंत ऐका. त्या यादीत कुठंतरी, चार शिव्यांच्या मध्ये, देवानं तुमच्यासाठी ठेवलेलं काम सापडेल. सापडलं, की त्या देवाचं नाव घ्या, आणि उद्या सकाळी कामाला लागा!