एका व्हिडिओत दोन मावश्या

तुम्ही विचारता ना, दोन व्हिडिओ एकावर एक बसवायची माझी हौस कुठं फिटली? तर आमच्या सुमनमावशीपाशी.

नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, ती शेडच्या सावलीत बसून देठ खुडते. सुरतेला दिलेल्या तिच्या लेकीनं मला बजावलं होतं, "आईचा चेहरा दिसू दे आणि मागच्या मिरचीचा लाल रंगही."

आता कॅमेरा उन्हाला जमवला की मावशी काळीठिक्कर, मावशीला जमवला की मिरची पांढरीफटक. म्हणून कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला. एकदा उन्हासाठी शूटिंग, एकदा सावलीसाठी, मग घरी कॉम्प्युटरवर दोन्ही जोडायचे.

"मावशी, अजिबात हलायचं नाही हं."

"बरं भो."

पहिल्या वेळी ती मांडीवर हात ठेवून लाल मैदानाकडे बघत बसली. मी सेटिंग बदलत होतो तेवढ्यात तिचे हात सवयीनं मिरचीकडे वळले, आणि मी ठसक्यानं खोकत होतो, मला पत्ताच नाही. दुसरं शूटिंग तसंच झालं.

घरी जोडलं तर दोन मावश्या! एक उजळ, वाकून देठ खुडणारी. दुसरी तिच्यातूनच धुरासारखी वर आलेली, त्या लाल पसाऱ्याकडे टक लावून बसलेली.

मी ओशाळून तिला फोनवर दाखवलं. म्हटलं, "पुसतो, परत घेऊ."

तिनं फोन हातात घेतला आणि त्या टक लावून बसलेल्या मावशीवर बोट ठेवलं.

"पुसू नको, भो. पोरले हाऊच व्हिडिओ धाड. काम करतांना तिनी माले रोज देखेल शे. नुसती बठेल कधीच नही."