मूठभर कोंड्याचं नाव

नाई, नाई, धनराजभाऊ, उठू नका. खाटेवरच बसा, ते जाळं सरकवा पायाशी — मी रागावलो नाई. रागावलो असतो तं कार्ड पाह्यल्याबरोबर चुलीत गेलं असतं. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. छान छापलं. गणपती छान, सोनेरी अक्षर छान. 'चि. भूपेश' — तुमचा पोरगा, ठीक. 'चि. सौ. कां. आचल' — माही पोरगी, ठीक. अन् तिच्या खाली काय? 'श्री. हेमराज इस्तारी मारबते यांची सुकन्या'. आता मले सांगा, हा हेमराज कोन? इस्तारी माहा बाप, बरोबर. मारबते आमी, बरोबर. पन इस्तारी मारबतेचं जगलेलं पोरगं एकच, अन् त्याचं नाव हमीद. बावन्न वर्सं झाली. शाळेच्या दाखल्यावर हमीद, आधारवर हमीद, मच्छीमार सोसायटीच्या रजिस्टरात हमीद. साखरपुड्याले तुमी माह्या कपाळाले टिळा लावला, गळ्यात पडले, 'हमीदभाऊ, आता आपन इवाई' म्हनले — अख्ख्या मांडवानं ऐकलं. तेव्हा नाव गोड होतं, आता कार्डावर कडू लागून राह्यलं?

काय म्हनता? नमुनाच हाय, अजून छापलं नाई. हो ना, म्हूनच तं सांगून राह्यलो, बदला. — तुमाले काई नाई, तुमच्या भावकीले वाटते. हो का. आरमोरीची भावकी. कार्ड मोबाईलवर फिरन, कोनी बी वाचन, अन् इचारन का ही पोरगी कोनाच्या घरून आनली. इचारू द्या ना. सांगा, धीवराच्या घरून आनली, सिंदेवाहीच्या बाजूच्या, तलावावर मासे मारते तो बाप, नर्सिंग शिकलेली पोरगी. खरं तेच सांगा. त्याले काय जोर लागते?

अन् तुमी झाडीपट्टीचेच ना? तुमाले बी समजवा लागते का हे? माह्या आधी माह्या मायचे तीन गेले. सुगंधाबाई — तुमी पाह्यलं नाई तिले, साडेचार फूट होती, पन तलावात उतरली का मरदाच्या पुढं. तीन लेकरं, एक सव्वा महिन्याचं, एक पाच दिसाचं, एकाचं तं तोंडही पाह्यलं नाई तिनं. मंग मी झालो. पाचव्या दिसी मायनं मले सुपात घातलं अन् उकिरड्यावर नेऊन ठेवलं. टाकून देल्यावानी. म्हनजे जम, यमराज, आला का त्याले दिसाव का हे लेकरू कोनाचंच नाई. अन् जो पह्यला मानूस वाटेनं येईन त्यानं ते विकत घ्याव, मूठभर कोंडा देऊन, अन् आपलं नाव द्याव. त्या दिसी वाटेनं आला बांगडीवाला. सायकलीवर पेटी, डोक्शाले रुमाल. हमीदमिया. पंचविसेक वर्साचा पोरगाच होता तो बी. बाया म्हनल्या, मिया, घे. तो म्हने, मी घेऊ? चालते तुमाले? माय म्हने, जगते तं चालते. त्यानं आमच्याच कोठ्यातला मूठभर कोंडा उचलला, मायच्या वटीत टाकला, मले उचललं, अन् कानात आपलं नाव सांगतलं. माय जिती होती तोवर सांगे — तू रडत होता, नाव ऐकलं अन् चूप झाला.

हसता काऊन? भुकेनं थकलो असन, म्हून चूप झालो असन. ते मलेही समजते. पन मी जगलो, धनराजभाऊ. हे खोटं नाई ना?

अन् तुमच्या आज्याचं नाव काय? सुकलू. तुमच्या काकाचं? मुखरू. तुमच्या मामाचं कचरू, मले माहीत हाय, माह्यासंग सोसायटीत होते. ही नावं काय हौसेनं ठेवली? सारी जमाले फसवाची नावं. तुमच्या आज्याले सुकलेला समजून जम निंघून गेला म्हून तुमचा बाप झाला, अन् तुमी आज इथी बसून चाय पिऊन राह्यले. कार्डाच्या तुमच्या पानावर, आजोबाच्या जागी, 'कै. सुकलू' छापलं ना? छापलं. तिथी नाई तुमी 'सुधाकर' केलं. मंग माह्या वाटेचं काऊन खुपते? कचरा चालते, मिया नाई चालत — असंच ना? बोला.

आता तुमाले वाटत असन का मले या नावाचं लहानपनापासून लय कवतिक. काई कवतिक नव्हतं. शाळेत पोट्टे म्हनत, 'ए मिया, दाढी घरी इसरला का?' रोज. मी चौथीत असताना एकाचं डोकं फोडलं पाटीनं. नान्हे गुरुजीनं मले उभं केलं. मले वाटलं आता छडी. त्यायनं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिवलं — अब्दुल हमीद. अन् सांगतलं, हा शिंप्याचा पोरगा होता, आपल्या फौजेत हवालदार, पासष्टच्या लढाईत जीपवरच्या तोफेनं दुश्मनाचे रणगाडे फोडले, तिथंच गेला, सरकारनं परमवीर चक्र देलं. त्या दिसी घरी आलो अन् वहीत पह्यल्या पानावर तेच लिवलं. तवापासून लिवून राह्यलो. कुठी बी हमीद दिसला — पेपरात, रेडिओवर, पुड्याच्या कागदावर — का तारीख टाकून लिवाचं. आपल्या देशाचे उपराष्ट्रपती होऊन गेले एक, लिवले. अफगानिस्तानचा अध्यक्ष, बांगलादेशचा राष्ट्रपती, लिवले. तुर्कस्तानले या नावाचे दोन सुलतान झाले, दुसऱ्याले लोकायनं गादीवरून उतरवलं, ते बी लिवलं. आपल्याकडचे तं हायेतच — चंद्रपूर डेपोचा कंडक्टर, बाळंतीन बाई होती म्हून गाडी सिधी दवाखान्याच्या फाटकात नेली त्यानं. जिवतीकडचा एक, जळालेल्या मोटारी दुरुस्त करनारा, दोन पोरींले काम शिकवलं त्यानं. अन् एक बकरीचोर. गाव सांगत नाई. चोराले काऊन लिवलं? नाव त्याचंही हाय ना! वही हाय ती, आरती नाई. चौसष्ट झाले. पासष्टावा मी. सगळ्यायच्या पुढं 'काम' म्हून रकाना हाय, माह्यापुढचा कोराच हाय.

अर्थ? अर्थ हमीदमियानंच सांगतला होता. म्हने, ज्याची तारीफ व्हावी असा. अन् मंग हसला, म्हने, बेटा, आपन दोघं बी अजून तसे झालो नाई.

काय म्हनता? — लगनाच्या आधी असं लेकरू परत घेते ना मायबाप. हो! आता बोलले तुमी झाडीवाल्यावानी. रीत हाय. हळदीच्या आधी मूठभर कोंडा परत द्याचा, नाव सोडवून घ्याचं, मंग पाह्यजे ते ठेवाचं. आमच्या लगनात हमीदमिया आला होता, स्वच्छ कपडे घालून, गोकुळाले, माह्या बायकोले, बांगड्या घेऊन. मांडवात बसला, अन् माह्या बापाले म्हने, चाल, इस्तारी, माहा कोंडा दे, तुहा पोरगा घे. बाप उठला बी. मायनं हात धरला त्याचा. बावीस वर्सं झाली होती मले, मिशा होत्या, अन् ती म्हने, नाई. माह्या हातानं मी नाई मांगत. अजून जमानं आयकलं तं? सारे हसले. मिया नाई हसला. तो म्हने, ठीक हाय बाई, माह्याकडेच राहू दे. अन् गोकुळाच्या हातात पह्यली बांगडी त्यानं भरली, सासऱ्याच्या हक्कानं. तं मले कोनी परत घेतलंच नाई, धनराजभाऊ. आता कोनाकून घ्याव? माय गेली, बाप गेला, मियाही गेला. कोंडा कोनाच्या हातात देऊ?

थांबा. तुमाले काय बोलाचं हाय ते तुमच्या तोंडावर दिसून राह्यलं. बोला ना. — मी सोताच एकदा हेमराज लिवलं होतं. हो. म्हनजे तुमी ते नाव घरून नाई आनलं. सोसायटीच्या निवडनुकीच्या पोस्टरवरून उचललं. मले वाटलंच. मोबाईलमंदी ठेवला असन कोनी तो फोटो.

लिवलं होतं. चार वर्सं झाली. नाई म्हनत नाई मी. प्यानलमधले दोघं पोट्टे आले, राजदीप अन् अजून एक, म्हने, काका, यंदा वारं वेगळं हाय, पोस्टरवर हे नाव पाहून मत तुटते. कागदोपत्री हमीदच राहीन, पोस्टरवर फक्त 'हेमराजभाऊ मारबते'. मी म्हनलं नाई. मंग म्हनलं पाहू. मंग घरी कोनालेच सांगतलं नाई अन् हो म्हनलं. अकरा मतानं आलो. गुलाल उडवला, मी बी नाचलो. ते पोस्टर तिकडं तलावाच्या पाळीवरच्या चिचेच्या झाडाले बांधलं होतं, अन् हमीदमिया तिथून सायकल ढकलत आला. सत्तरीपार, चढावर बसवत नव्हतं. थांबला. वाचलं. त्याले मराठी चांगली वाचता ये. मी इथंच होतो, याच खाटेवर. मले वाटलं आता शिव्या घालन. शिव्या घातल्या असत्या तं बरं झालं असतं. म्हने, 'हेमराज. अच्छा नाम है, बेटा.' अन् पानी न पिता गेला. त्याच्या मंग आमच्या गल्लीत तो बांगड्या घेऊन आला नाई. गोकुळा इचारे, मिया काऊन येत नाई? मी म्हनो, म्हातारा झाला.

मिया गेल्या भादव्यात गेला. निरोप आला होता मले, सिंदेवाहीवरून त्याचा पुतन्या सोता आला — चाचा गेले, तुमाले माती द्याची हाय. विकत घेतलेल्या पोरानं मूठभर माती द्याची, हे बी रीतीतच हाय. मी गेलो. खोटं नाई सांगत, कपडे घालून, गाडी काढून गेलो. अन् कबरस्तानच्या बाहेर आपल्याकडचे दोन-तीन जन दिसले, पानठेल्यावर, मोबाईल घेऊन. बस. पाय उचललाच नाई. टरकाच्या आडून पाह्यलं सारं. एकेक मानूस वाके, माती टाके. माही जागा रिकामी होती का भरली, कोनाले समजलं बी नाई. घरी आलो अन् सांगतलं, देली माती.

गोकुळाले हे आत्ताच समजून राह्यलं, धनराजभाऊ. ती पाहा, दरवाजात उभी झाली. हो, गोकुळा. नव्हती देली.

जाऊ द्या. मले हे सांगाचं नव्हतं तुमाले. तुमी बोलते केलं. — आता तुमी म्हनता, नावच नका टाकू, नुसतं 'मारबते परिवार' टाकू. वा. काल हेमराज, आज परिवार. उद्या म्हनान मांडवात तोंड झाकून बसा. नाई. अन् आता आयकाच. नाव तं हमीदच राहीनच, पन आचलच्या हातात पह्यली बांगडी हमीदमियाची बायको भरन, रजियाबी. सगळ्यायच्या समोर, तुमच्या भावकीच्या समोर. मी काल तिले बोलावून आलो. चार वर्सांत पह्यल्यांदा तिच्या दारात गेलो. दार लोटलेलं, कडी आतून. वाजवली. आतून बुढी म्हने, 'कौन है?' आता काय सांगाव? त्या घरात त्या नावाचा एकच मानूस होता. हेमराज म्हनलं असतं तं तिनं ओळखलं नसतं, अन् ओळखलं असतं तं दार उघडलं नसतं. मी म्हनलं, 'हमीद.' — मले वाटलं ऐकू नाई आलं. मंग कडी निंघाली.

तिनं काई इचारलं नाई. पोस्टरचं नाई, मातीचं नाई. भात वाढला. म्हने, हिरव्या भरू का लाल?

तं हे असं हाय. तुमाले सोयरीक ठेवाची तं या नावासकट ठेवा. मोडाची तं सांगा, मी तुमाले दोष देनार नाई, लोक देतीन तं देतीन. हो, पोरीचं नुकसान होईन, समजते मले. तिले भूपेश आवडते, ते बी समजते, मी काय आंधळा हाय? मले रात भर तेच खाऊन राह्यलं. तिले इचारलं तं म्हनते, 'बाबा, तुमी म्हनान तसं.' हे काय उत्तर झालं? बापाच्या चुका बापानं भराव्या, तिनं काऊन —

आचल? तू काऊन बाहेर आली? तुले कोनी बोलावलं — ते कार्ड राहू दे. कोनाचा पेन तो? अवं, नमुना हाय तो, त्यायले परत द्याचा हाय, खोडू नको. आचल.

...

घ्या, धनराजभाऊ. वाचा. मी नाई लिवलं, हेमराज खोडून तिनंच तुमच्या समोर हमीद लिवलं. आता बोलाचं असन तं तिच्यासंग बोला. मी तलावावर चाललो.