ओव्यांच्या व्हिडिओला डाउनलोडचे बटण दिल्याबाबत

जबाब

नाव योगिनी माणिकराव जवंजाळ, वय ३४ वर्षे, धंदा ग्रंथपाल, रा. अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी अकरा वर्षांपासून गावच्या सार्वजनिक वाचनालयात कामाला आहे. वाचनालयाच्या वेबसाइटवर परिसरातील जुन्या गाण्यांचे व्हिडिओ आहेत. ते काम मी एकटी पाहते. आज सकाळी दहापासून मी येथे बसून आहे. वाचनालयाची किल्ली माझ्याजवळ आहे, बाहेर लोक ताटकळले असतील, हेही लिहून घ्यावे.

माझ्याविरुद्ध तक्रार देणारे अर्जदार भागवत हे गावातील फोटोग्राफर. त्यांनी सन २०१६ मध्ये गावातील मनकर्णाबाई यांच्या जात्यावरच्या ओव्यांचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ काढला. बाई एकट्याने गाईनात. समोरून खुंटा धरायला कोणी पाहिजे म्हणाल्या. तेव्हा भागवत यांनी कॅमेरा स्टँडवर ठेवून स्वतः जाते ओढले. "हळू ओढ ना बे, पीठ जाडं पडून राह्यलं," असे बाई त्यांना म्हणतात, तेही व्हिडिओत आहे.

गेल्या वर्षी भागवत यांनी तो व्हिडिओ वेबसाइटवर फक्त पाहण्यासाठी दिला. हक्क त्यांचा, डाउनलोड द्यायचे नाही, असे कागदावर आहे. कागद माझ्या हस्ताक्षरात आहे.

मनकर्णाबाई माघात वारल्या. आठ दिवसांनी त्यांची मुलगी जयमाला हिचा फोन आला. तिचे सासर संग्रामपूरकडे, घरी रेंज नाही. बाजाराच्या दिवशी बसस्टँडवरून बोलत होती. "ताई, व्हिडिओ अटकून राह्यला. मायचं तोंड उघडंच राह्यते, आवाज येतच नाही." त्याच दुपारी मी डाउनलोडचे बटण जाणूनबुजून चालू केले. भागवत यांना विचारले नाही. ते नाही म्हणतील, याची मला धास्ती होती.

जयमालाने व्हिडिओ घेतल्यावर बटण बंद करता आले असते. रोज बंद करायला बसायचे आणि तशीच उठायचे. साखरखेर्ड्याच्या बायकांनी घेतला, आणखी कोणी कोणी घेतला, एकूण त्रेसष्ट जणांनी. त्यातल्या एकाने भागवत यांचे नाव कापून तो स्वतःच्या चॅनेलवर टाकला. भागवत यांचा राग खरा आहे. त्यांच्या दुकानावरून जायची मला लाज वाटते.

आज हवालदार दयाराम यांनी समजावले, "ताई, चुकून झालं म्हना. बटन काढा, ज्यायनं घेतला त्यायले डिलीट करा म्हना. भागवतभाऊ अर्ज वापस घेते." भागवत समोरच होते. त्यांनी मान हलवली.

बटण मी येथूनच मोबाइलवर बंद केले आहे. भागवत यांची माफी लिहून देण्यास तयार आहे. जयमालाला मात्र डिलीट कर असे सांगणार नाही. त्यावर भागवत म्हणाले, "मंग मले देल्ल्या शब्दाचं काय?"

हवालदारांनी सर्व मजकूर मोठ्याने वाचला. त्यात बटण 'चुकून' चालू केले असे आले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'जाणूनबुजून' असे लिहिले व तेथे माझी वेगळी सही घेतली. बाकी मी सांगितले तसेच आहे.