लक्झेंबर्ग ते पोर्तो, अडीच तास

हॅलो?… कोण, ग्रासिएत? अगं, रविवारचा फोन आज मधेच कसा? बरी आहात ना सगळी?

विमानतळावर? कुठल्या… लक्झेंबर्गच्या? आणि निघालीस कुठे?… इकडे? आज? अगं बाई! दोन वर्षांनी आठवण झाली का आईची?… नाही, टोमणा नाही मारत. बोल.

एकटीच? आणि अदेरितो?… सुट्टी नाही नवऱ्याला. मग गाडी कोण चालवणा… हां, विमान. विमानच म्हणालीस.

थांब, चष्मा लावते… हं. बाराला निघणार, दीडला पोर्तोत. म्हणजे दीड तास… अडीच? बारा ते दीड अडीच कसे होतील, पोरी? मीही चार यत्ता शिकलेय… हो, हो… अगं ऐक ना… हां! तुमचं घड्याळ तासभर पुढे. बरं, अडीच तर अडीच. पण दोन हजार किलोमीटर अडीच तासांत?… वरून सरळ पंधराशेच भरतं? बघ बाई.

मग जेवायला काय घालू तुला? गाडीने निघालात की तुम्ही फोन करायचात, मी खारा मासा पाण्यात टाकायचे. अख्खा फ्रान्स, अख्खा स्पेन ओलांडून तुम्ही दारात येईपर्यंत वीस तासांत त्याचं मीठ उतरायचं. अडीच तासांत काय उतरणार, डोंबल? फळीसारखा कडक आहे तो… सूप? सूप काय, रोजचंच… बरं, करते.

फुलं नको आणूस. उद्या सर्व संतांचा दिवस, अख्ख्या गावाची शेवंती दफनभूमीत. बाबांच्या थडग्याचा दगड कालच घासला मी. गुडघे अजून कुरकुरतायत.

ग्रासिएत… एक विचारू? हे विमान नवीन सुरू झालंय का?… पूर्वीपासून आहे. रोज?… म्हणजे बाबांच्या वेळीही होतं.

नाही गं, सहज विचारलं. फादरना मी तासभर थांबवलं होतं ना. ऑगस्टचं ऊन, सगळे छत्र्या धरून उभे, आणि मी आपली सांगतेय, दोन हजार किलोमीटर आहे हो, लेक रस्त्यात आहे… ते तरी किती थांबणार. तू पोचलीस तेव्हा माती लोटून झाली होती.

…जागा नसेल ना विमानात?

…होती?

बोल गं. ऐकतेय.

सावकाश सांग… काय? गाडीत होतीस तोवर… तोवर बाबा घरीच आहेत असं वाटत होतं?… अंगणात, खुर्ची टाकून… हं.

हं.

मला राग आला होता, ग्रासिएत. दोन वर्षं होता. तुझा नाही, त्या रस्त्याचा. मेला स्पेन संपतच नाही, म्हणायचे मी. आता कुणावर काढू?… नको, माफी नको मागूस. रडू नकोस, लोक बघत असतील. नाक पूस आधी.

ऐक. मीही नाताळपर्यंत दर शनिवारी बाबांचे बूट पुसून दाराशी ठेवत होते. कुणाला बोलले नाही. तुलाच सांगतेय… हो गं. हो.

बोलावतायत का तुला? जा, जा… आणि ग्रासिएत, माझ्या वेळेला मात्र विमानानेच ये हं. हे नवे फादर पाच मिनिटंसुद्धा थांबत नाहीत कुणासाठी… हसलीस ना? चल, ठेवते.