अंबाड्यातला दोरा

तुम्ही हसाल, पण त्या सोमवारी मी एका दोऱ्यापायी अडले होते. लातुरात माझ्या लेकीच्या, गौरीच्या बॅलेच्या मॅडमचा नियम कडक: अंगावर दागिना किंवा दोरा दिसला की पोरगी वर्गाबाहेर. आणि गौरीच्या तापात मी महादेवाला नवस बोलून तिच्या मनगटात दोरा बांधलेला. सोळा सोमवार होईस्तोवर तो अंगावेगळा करायचा नव्हता. अजून चार बाकी होते.

शेवटी दोरा अंगाला धरूनच सोडवला आणि तिच्या अंबाड्यात गुंडाळला, वरून जाळी.

मॅडम एकेकीचं डोकं तपासत गौरीपाशी थांबल्या. मी दारातून महादेवाचा धावा करत राहिले.

"अंबाडा फार घट्ट बसलाय. आत काय बांधलंय?" मॅडमनी विचारलं.

पोरीला खोटं बोलता येत न्हाई. "नवसाचा दोरा हाय, मॅडम."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "दिसत तर नाही. राहू द्या." मग सगळ्यांना म्हणाल्या, "अंबाडा असा पाहिजे!"

पुढच्या सोमवारी वर्गातल्या पोरींच्या चार आयांनी मला दारातच गाठलं. "वहिनी, तो अंबाड्याचा दोरा कोणत्या दुकानात मिळतो?"

म्हटलं, "दुकानात न्हाई मिळत. आधी उपास धरा."