लाल बाजू

आर्वीच्या स्टँडवर वर्ध्याची बस यायची होती. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, म्हणून मी त्याचे दोन्ही हात धरून बसले होते. शेजारच्या काकांनी टेबल टेनिसची बॅट पिशवीतून काढली, अंगठा फिरवला आणि काकूंकडे वळले.

“छाया, हे लाल रबर असं कोरडं काऊन लागून राह्यलं?”

“घासलं मी. किती चिकट झालतं ते!”

“अवं, ते चिकटच पाह्यजे! त्याच्यानंच बॉल फिरते.”

“मले वाटलं, आमरस सांडला.”

“कायनं घासलं?”

“भांड्याच्या घासणीनं.”

“आज फायनल आहे माह्यी! समोर भैय्याजी! तीन वर्षं झाले, हरून राह्यलो त्याच्याशी.”

“तवा तर चिकट होतं ना?”

“होतं.”

“मंग?”

काकांनी बॅट उलटून काळ्या बाजूवर अंगठा फिरवला, मग परत लाल बाजूवर.

“बॉल आता फिरनच नाई. पण भैय्याजीले वाटन, फिरून राह्यला. तो बॅट वाकडी लावीन अन् बॉल जाळीत घालीन!”

“पाहा!”

“फक्त त्याले सांगजो नको. आलाच पाहा तो.”

“नमस्कार वहिनी! तुमीबी वर्ध्याले?”

तेवढ्यात बाळानं हात सोडवून बॅट ओढली आणि चाटली. मी ओरडलेच.

“चाटू दे वं पोरी, काई होत नाई. कालच घासली मी घासणीनं.”

“छाया!”

“कोणती बाजू घासली, वहिनी?”

“काळी.”