साहेबांनी काय केलं, काय नाही, त्याचा कागद

मी सुलभा दत्ताराम घाडी, राहणार लालबाग, चाळीत वरच्या मजल्यावर शेवटची खोली. माहेर चिंचपोकळीचं, म्हणजे मूळ आम्ही कणकवलीकडचे, पण वडील इथं गिरणीत लागले आणि आम्ही पाचही भावंडं इथंच जन्मलो, गाव आपलं मे महिन्यापुरतं. शाळा सातवीपर्यंत. मग परळला एका हॉस्पिटलात आया म्हणून लागले ती रिटायर होईपर्यंत तिथंच, पेशंटला पुसायचं, भांडं द्यायचं, चादरी बदलायच्या. तिथं एक गोष्ट शिकले बघा. सिस्टर चार्टावर लिहायची ना, ताप किती, पाणी किती प्याला, ते जे झालं तेच लिहायची. डॉक्टरला बरं वाटावं म्हणून नाही लिहायची.

आमचे हे एका टॉवरच्या गेटवर वॉचमन होते. केबिन पत्र्याची, पंखा होता पण तो गरमच वारा फेकायचा. एका मे महिन्यात दुपारी गेटवरच पडले. आणले माझ्याच हॉस्पिटलात, आणि काय सांगू तुम्हाला, मी ड्युटीवर, स्ट्रेचर आलं म्हणून पायाकडनं धरलं, चेहरा बघितला तर आमचेच हे. अंगाला हात लाववत नव्हता एवढं तापलेलं. बर्फ लावला, सलाईन लावली, वाचले. पण तेव्हापासून चालताना तोल जातो, आणि बोलता बोलता थांबतात, शब्द शोधत बसतात. नोकरी गेली ती गेलीच.

त्याच वर्षी इलेक्शन. आमचे आमदार, नाव नका लिहू, साहेब म्हणा. मंडळाच्या मैदानात सभा झाली, मी ह्यांना खुर्चीत बसवून नेलं होतं. साहेब म्हणाले हवामान बदललंय, मुंबई तापतेय, बुडतेय, मी गप्प बसणार नाही. मग खाली उतरून ह्यांचा हात धरला, काका, उन्हात काम करणाऱ्याला सावली मिळालीच पाहिजे. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यापण आलं, खोटं कशाला बोलू. पत्रक वाटलं त्यावर कामं छापलेली, झाडं लावणार, चाळींच्या छपरांना पांढरा रंग देणार म्हणजे खोल्या कमी तापतील, नाक्यावर सावली नि पाणी, पावसाआधी नाले साफ, आणि खाडी नि मिठागरं वाचवणार. मी म्हटलं, बरं, आता बघू या.

रिटायर झाल्यावर दर रविवारी मी आणि फिलोमिना पत्रकातली कामं बघायला निघायचो. फिलोमिना माझगावची, वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. तिची आई आमच्या वॉर्डात तीन महिने होती, तेव्हापासूनची मैत्री. झाडं बघितली, आमच्या रस्त्याला एकवीस लावली, साहेबांनी फोटो काढले, दुसऱ्या उन्हाळ्यात जिवंत चार. ते लिहिलं. छपराचा रंग, नाही. सावलीची शेड एक झाली, तिच्याखाली पक्षाची स्कूटर उभी. तेपण लिहिलं. पण नाल्याचं काम चांगलं केलं, साहेब स्वतः गमबूट घालून उभे होते, दोन पावसाळे खालच्या खोल्यांत पाणी नाही शिरलं. फिलोमिना म्हणाली, हे पण टाकायचं? मी म्हटलं, हे आधी टाक.

मिठागराचं आम्हाला बघून कळेना. मग फिलोमिनाने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. पहिल्यांदा उत्तर आलं की आमच्याकडे नाही, दुसऱ्या ऑफिसला विचारा. तिथं टाकला, अपील केलं, मग कितीतरी महिन्यांनी एक पाकीट आलं. आत साहेबांच्या सहीचं पत्र, वडाळ्याची मिठागराची जागा घरं बांधायला मोकळी करावी. सभेनंतर दोन महिन्यांतलं. फिलोमिनाने मला समजावलं, अगं, भरतीचं नि पावसाचं पाणी ती जमीन पोटात घेते, ती भरली तर ते पाणी जाणार कुठं.

आता इथंच माझा पाय अडकला. आमचे सासरेपण गिरणीतलेच, त्यांच्या नावाने गिरणी कामगाराच्या सरकारी घराचा फॉर्म भरलेला, आणि चाळीत बोलत होते की ती घरं त्या मिठागरावरच होणार. एका खोलीत आम्ही पाच माणसं, मी, हे, मुलगा प्रशांत, सून आणि नात. प्रशांतने पत्र वाचलं आणि म्हणाला, आई, हे लोकांपुढे नको वाचू. आपला नंबर कटेल. मी म्हटलं, तुझे बाबा उन्हाने असे झाले. तो म्हणाला, बाबा असे झाले म्हणूनच मोठं घर पाहिजे ना. मी पत्राची घडी घालून पिशवीत ठेवलं.

पुढच्या इलेक्शनला साहेब मंडळाच्या हॉलमध्ये आले. मी उभी राहिले आणि सगळा कागद वाचला, नाला पहिला, झाडं, शेड, रंग, आणि शेवटी पत्र, तारखेसकट. साहेब चिडले नाहीत. म्हणाले, मावशी, पत्र माझंच आहे. पण घरं कोणाला पाहिजेत? तुमच्याच पोरांना ना? मी म्हटलं, हो साहेब, माझ्याच पोराला पाहिजे. मग सभेत तसं सांगा, की मिठागर वाचवणार नाही, घरं बांधणार. दोन्ही कशाला सांगता?

ते पाणी प्याले आणि दुसऱ्या विषयावर गेले.

निवडून तेच आले, भरपूर मतांनी. प्रशांत दोन महिने जेवणाचं ताट पण सुनेकडनंच मागायचा. पत्र काही मागं घेतलं नाही, जागेचं अजून भिजत पडलंय, घराचा नंबर लागला नाही आणि कटलापण नाही. छपराला रंग मात्र त्या उन्हाळ्यात लागला. दुपारी हे आता खोलीत झोपू शकतात, तेवढं झालं.

सहा महिन्यांनी आम्ही नवीन कागद मंडळाच्या फळ्यावर लावतो. कोणी वाचतं, कोणी नाही वाचत. परवा साहेबांच्या ऑफिसातून फोन होता, मावशी, झाडं परत लावलीत, येऊन बघा. मी म्हटलं, आता नाही, उन्हाळा गेला की येते, किती जगली ते मोजायला. फिलोमिनाचे गुडघे गेलेत, मला मोतीबिंदू आहे, चालायचंच. देव साहेबांना उदंड आयुष्य देवो, मनापासून म्हणते. आणि आम्हा दोघींना त्यांच्याहून थोडं जास्त.